टाइन नदीकाठच्या दोन युद्धनौका : 'बेतवा', 'आफोंसो द आल्बुकर्क' आणि मुरगाव बंदरातील १८ डिसेंबर १९६१

प्रास्ताविक

गोवा मुक्तीचा इतिहास मराठीत बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. सत्याग्रहींच्या तुकड्या, तुरुंगवास, आग्वादचा किल्ला, लिस्बनला पाठविलेले कैदी आणि शेवटी भारतीय सैन्याचा प्रवेश असा हा इतिहास सांगितला जातो. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांत तर तो विशेषकरून रस्त्यांचा आणि सीमेचा इतिहास आहे. पत्रादेवीचा नाका, तेरेखोलचा किल्ला, दोडामार्गकडून आलेल्या लष्करी गाड्या या गोष्टी तेथील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हमखास येतात. त्याच दिवशी जुवारी नदीच्या मुखाशी झालेली समुद्रावरची लढाई मात्र बहुधा एका वाक्यात संपविली जाते. पोर्तुगीजांची एक युद्धनौका होती आणि ती भारतीय नौदलाने निकामी केली, एवढेच त्यात सांगितलेले असते.

प्रस्तुत लेखात या एका वाक्यामागचा तपशील मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन युद्धनौकांचा सेवेतिहास शेजारी शेजारी ठेवला आहे. एक 'आफोंसो द आल्बुकर्क' आणि दुसरी भारतीय नौदलाची 'बेतवा'. या दोन्ही नौका इंग्लंडमधील एकाच नदीच्या काठी बांधल्या गेल्या. दोघींची लांबीही जवळपास सारखीच, १०३ मीटरच्या आसपास होती. तरीही त्या समोरासमोर आल्या तेव्हा निकाल लागायला सव्वा तासही लागला नाही. असे का घडले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नावामागचा इतिहास

जहाजाचे नाव ही त्याच्या मालकाची ओळख असते. पोर्तुगीज नौकेचे नाव ज्याच्यावरून ठेवले त्या आफोंसो द आल्बुकर्कने इ.स. १५१० च्या आरंभी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. काही महिन्यांतच तो त्याला सोडावा लागला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने तो पुन्हा जिंकला. या कामी त्याला होनावरच्या तिमय्याची मदत झाली होती. विजयानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल करण्यात आली आणि ही हकीकत आल्बुकर्कने स्वतः पत्राद्वारे आपल्या राजाला कळविली. गोव्याच्या मुस्लिम समाजाच्या इतिहासात हे वर्ष म्हणूनच एक मोठे खंडन मानावे लागते. सव्वाचारशे वर्षांनंतर पोर्तुगालने आपल्या वसाहतींत फिरणाऱ्या नव्या युद्धनौकेला हेच नाव द्यावे, यात त्या राज्यकर्त्यांची दृष्टी स्पष्ट दिसते.

'बेतवा' हे नाव मध्य भारतातील नदीचे. संस्कृत साहित्यातील वेत्रवती ती हीच. तिच्याबरोबरची 'बियास' म्हणजे पंजाबातील प्राचीन विपाशा. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाने आपल्या अनेक फ्रिगेट नौकांना नद्यांची नावे दिली. एका बाजूला जेत्याचे नाव आणि दुसऱ्या बाजूला नदीचे, एवढा फरकही पुरेसा बोलका आहे.

भाषेच्या अंगाने आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीतील 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्माद'वरून आला. 'खलाशी' अरबीतून आणि 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून आला. युरोपीय भाषांतील 'ऍडमिरल' या शब्दाच्या मुळाशी अरबी 'अमीर' आहे. कोकणच्या किनाऱ्यावर अरब, इराणी, पोर्तुगीज आणि मराठी दर्यावर्दी एकमेकांशी लढले, पण शब्द मात्र एकमेकांचे घेत राहिले.

'आफोंसो द आल्बुकर्क'ची सव्वीस वर्षे

ही नौका इंग्लंडच्या ईशान्य भागातील टाइन नदीच्या काठी, हेबर्न येथील हॉथॉर्न लेस्ली कंपनीच्या गोदीत बांधली गेली. २८ मे १९३४ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १९३५ मध्ये ती पोर्तुगीज नौदलात दाखल झाली. 'बार्तोलोमेउ दियाश' ही तिची जुळी बहीण. दूरच्या वसाहतींत झेंडा दाखवावा, बंदरांवर पहारा ठेवावा आणि गरज पडल्यास किनाऱ्यावरील फौजेला तोफांची साथ द्यावी, यासाठी या प्रकारच्या नौका बांधल्या जात. म्हणूनच तिला वेग बेताचा, ताशी सुमारे २१ सागरी मैल, पण इंधन न भरता लांबचा पल्ला गाठण्याची क्षमता मोठी होती. तिच्यावर १२० मिलिमीटरच्या चार मुख्य तोफा होत्या.

तिच्या सेवेतिहासातील पहिली मोठी घटना युद्धाची नसून बंडाची आहे. ८ सप्टेंबर १९३६ रोजी लिस्बन येथे 'आफोंसो द आल्बुकर्क' आणि 'दांव' या नौकांवरील नाविकांनी उठाव केला. स्पेनमध्ये त्याच उन्हाळ्यात यादवी युद्ध पेटले होते. सालाझार सरकार फ्रँकोच्या बाजूने झुकले होते आणि नाविकांची सहानुभूती तेथील प्रजासत्ताकाकडे होती. सालाझारच्या हुकमावरून किनाऱ्यावरील किल्ल्यांतून या नौकांवर तोफा डागण्यात आल्या. काही नाविक मारले गेले आणि नौका जमिनीला लागली. पकडलेल्यांपैकी अनेकांना केप व्हर्द बेटांतील ताराफाल येथील छळछावणीत पाठविण्यात आले. त्या छावणीतील सुरुवातीच्या कैद्यांत हे नाविक होते. ज्या राजवटीविरुद्ध गोव्यातील स्वातंत्र्यसैनिक पुढे लढले, तिच्याविरुद्ध याच नौकेवरील पोर्तुगीज खलाशी १९३६ मध्येच उठले होते, ही गोष्ट आपल्याकडील लेखनात क्वचितच आढळते. मुंबईत फेब्रुवारी १९४६ मध्ये एम. एस. खान यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चालविलेला भारतीय नाविकांचा उठाव वाचकांना ठाऊक आहे. सत्तेची हत्यारे ज्यांच्या हाती असतात ती माणसेही विचार करणारी असतात, हे दोन्ही प्रसंगांतून सारखेच दिसते.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिले. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्याजवळ 'नोव्हा स्कोशिया' हे ब्रिटिश जहाज एका जर्मन पाणबुडीने बुडविले. त्या जहाजावर आफ्रिकेतील इटालियन कैदी मोठ्या संख्येने होते. मोझांबिकमधून निघालेली 'आफोंसो द आल्बुकर्क' मदतीला पोहोचली आणि तिने सुमारे १९० जणांना पाण्यातून वाचविले. त्या दुर्घटनेत आठशेहून अधिक माणसे दगावली होती. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर पूर्व तिमोर पुन्हा ताब्यात घेण्यासाठी गेलेल्या पोर्तुगीज ताफ्यातही ती होती. महायुद्धानंतर तिची गणना फ्रिगेट वर्गात करण्यात आली, पण नाव बदलले तरी तोफा आणि इंजिने जुनीच होती.

'बेतवा' आणि 'बियास'

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला आलेले नौदल लहान होते. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटनकडून वापरलेली जहाजे विकत घेण्यात आली. 'दिल्ली' ही क्रूझर म्हणजे १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत भाग घेतलेली 'ऍकिलीस'. 'राजपूत' ही विनाशिका म्हणजे पूर्वीची 'रॉदरहॅम'. 'म्हैसूर' म्हणजे पूर्वीची 'नायजेरिया'. १९५० च्या दशकाच्या मध्यात मात्र भारताने ब्रिटिश गोद्यांकडे आठ नव्या कोऱ्या फ्रिगेट नौकांची मागणी नोंदविली. त्यांत 'ब्रह्मपुत्रा', 'बियास' आणि 'बेतवा' या लेपर्ड वर्गाच्या होत्या, 'तलवार' आणि 'त्रिशूल' व्हिटबी वर्गाच्या, तर 'खुकरी', 'किरपाण' आणि 'कुठार' ब्लॅकवुड वर्गाच्या.

'बियास' आणि 'बेतवा' यांची बांधणी टाइन नदीवरच, न्यूकॅसल येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या गोदीत झाली. 'बियास'चे जलावतरण ९ ऑक्टोबर १९५८ रोजी आणि 'बेतवा'चे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. 'बियास' २४ मे १९६० रोजी नौदलात दाखल झाली, 'बेतवा' ८ डिसेंबर १९६० रोजी. याचा अर्थ गोव्याच्या कारवाईच्या वेळी 'बेतवा'ला सेवेत येऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. 'आफोंसो द आल्बुकर्क'ची सव्वीस वर्षे उलटून गेली होती.

लेपर्ड वर्गाच्या नौका मुळात व्यापारी ताफ्यांचे विमानहल्ल्यांपासून रक्षण करण्यासाठी आखल्या होत्या. त्यामुळे त्यांच्यावर साडेचार इंची म्हणजे ११४ मिलिमीटरच्या चार तोफा दोन बुरुजांत जोडीजोडीने बसविलेल्या होत्या. विमानावर मारा करायचा तर तोफ भराभर चालली पाहिजे आणि नेम रडारच्या मदतीने धरता आला पाहिजे. ही व्यवस्था महायुद्धाच्या अनुभवातून आली होती. त्यांची इंजिने डिझेलवर चालत आणि वेग ताशी सुमारे २४ सागरी मैल होता. विशेष म्हणजे पोर्तुगीज नौकेच्या तोफांचा व्यास भारतीय तोफांपेक्षा थोडा मोठाच होता. मुरगावला फरक पडला तो गोळ्याच्या आकाराने नव्हे, तर एका मिनिटात किती गोळे सुटतात याने.

उत्तर सीमा आणि समुद्र : पेडणे व डिचोली

पेडणे आणि डिचोलीचा या नौकांशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. गोव्याच्या उत्तर सीमेचा इतिहास पाहिला तर समुद्र आणि डोंगर ही दोन टोके कधीच वेगळी नव्हती, असे दिसते. व्हाइसरॉय कास्तेलो नोव्हो याने इ.स. १७४६ मध्ये सावंतवाडीकरांच्या ताब्यातील हळर्ण, डिचोली, तेरेखोल आणि रेडीचे किल्ले घेतले. पेडण्यातील हळर्णच्या, म्हणजे पोर्तुगीज उच्चारात 'आलोर्न'च्या, विजयाबद्दल त्याला 'मार्किस द आलोर्न' हा किताब मिळाला. पेडण्यातील एका गावाचे नाव अशा रीतीने पोर्तुगीज सरदारघराण्याला कायमचे चिकटले. पुढे डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती कायमचे गेले. हे तालुके 'नव्या काबिजादी'त मोडतात. म्हणजे आल्बुकर्कनंतर जवळपास पावणेतीनशे वर्षे ते पोर्तुगीज अमलाबाहेरच होते.

विसाव्या शतकात याच सीमेवर मुक्तिलढ्याची पहिली फळी उभी राहिली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि पत्रादेवी येथे कर्नैल सिंग बेनीपाल यांच्यासह अनेकांना हौतात्म्य आले. त्यांचे स्मारक पेडणे तालुक्यात आजही उभे आहे.

डिचोलीचा मुरगाव बंदराशी संबंध तर थेट व्यापाराचा होता. १९५० च्या दशकात शिरगाव व आसपासच्या भागात लोहखनिजाच्या खाणी जोमाने सुरू झाल्या. डिचोलीच्या डोंगरातील माती बार्जमधून मांडवीच्या प्रवाहाने खाली येई आणि मुरगावला मोठ्या जहाजांत भरून प्रामुख्याने जपानला जाई. भारताने घातलेल्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात पोर्तुगीज सत्तेला गोव्यात तग धरता आला, त्यामागे या खनिजाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा होता. म्हणून मुरगाव बंदराचे रक्षण म्हणजे एका अर्थी डिचोलीच्या खाणींच्या दाराचे रक्षण होते. ते दार राखण्यासाठी डिसेंबर १९६१ मध्ये तेथे एकच मोठी युद्धनौका उरली होती.

डिसेंबर १९६१

नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळील अंजदीव बेटावरून 'सबरमती' या भारतीय आगबोटीवर आणि मच्छीमारांच्या होड्यांवर गोळीबार झाला. त्यात प्राणहानी झाली. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून 'बेतवा' आणि 'बियास' यांनी गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे आठ मैलांवर गस्त सुरू केली. पोर्तुगीजांकडे समुद्रावर नेमके काय आहे याची खात्री करून घेणे हा तिचा उद्देश होता.

कारवाईसाठी उभारलेल्या भारतीय ताफ्याचे नेतृत्व रिअर ऍडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होते. त्याच्या मुख्य गटात 'म्हैसूर', 'त्रिशूल', 'बेतवा', 'बियास' आणि 'कावेरी' या पाच नौका होत्या. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका दूर समुद्रात राहिली आणि तिच्या सोबतीच्या गटात 'दिल्ली', 'राजपूत', 'खुकरी', 'किरपाण', 'कुठार' यांचा समावेश होता. सुरुंग काढणाऱ्या आणि रसद पुरविणाऱ्या नौका वेगळ्या. समोर गोव्यात 'आफोंसो द आल्बुकर्क' आणि 'सिरियस' ही लहान गस्ती बोट, एवढेच. पूर्वी या पाण्यात पोर्तुगालच्या याहून अधिक नौका असत, पण ऐन वेळी एकच ठेवण्यात आली होती.

या परिस्थितीतही सालाझारने १४ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांना शरणागती न पत्करण्याचा आदेश पाठविला. सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले असावेत किंवा मेलेले, असा त्याचा आशय होता. जगाचे लक्ष वेधण्यासाठी निदान आठ दिवस प्रतिकार व्हावा अशी लिस्बनची अपेक्षा होती. ब्रिटन हा पोर्तुगालचा चौदाव्या शतकापासूनचा करारबद्ध मित्र. परंतु त्याने या वेळी हात आखडता घेतला. त्याच ब्रिटनच्या गोद्यांत बांधलेली जहाजे मात्र दोन्ही बाजूंना होती.

१८ डिसेंबर : बंदरातील सव्वा तास

१८ डिसेंबरच्या पहाटे मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या सैन्याने गोव्यात प्रवेश केला. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड तीन तुकड्यांनी पुढे सरकली. मराठा जवानांची दुसरी पॅरा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे निघाली, पंजाबी जवानांची पहिली पलटण बाणस्तारीकडे आणि दुसरी शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह थिवीच्या बाजूने निघाली. हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र नष्ट केले. या दुसऱ्या हल्ल्याचा परिणाम असा झाला की लिस्बनशी संपर्क ठेवण्याचे काम बंदरात नांगरलेल्या 'आफोंसो द आल्बुकर्क'कडे आले. ती आता केवळ तोफांची नौका न राहता राजधानीशी बोलण्याचा धागा बनली.

सकाळी नऊच्या सुमारास 'बेतवा'च्या नेतृत्वाखाली भारतीय फ्रिगेट बंदराच्या तोंडाशी येऊन थांबल्या. 'बेतवा'चे कप्तान होते कमांडर आर. के. एस. गांधी. पुढे १९६५ मध्ये 'खुकरी' आणि १९७१ मध्ये 'म्हैसूर' यांचे नेतृत्व त्यांनीच केले आणि ते व्हाइस ऍडमिरल पदापर्यंत पोहोचले. बंदरात परदेशी मालवाहू जहाजेही उभी होती, त्यामुळे मारा जपून करणे भाग होते.

दुपारी बाराच्या सुमारास परवानगी मिळताच 'बेतवा' आणि 'बियास' पुढे सरसावल्या. तोफांच्या फैरींमध्ये थांबून प्रकाशसंकेताने शरण येण्याचे आवाहन करण्यात आले. पोर्तुगीज कप्तान आंतोनियु द कुन्या आरागांव यांनी नांगर उचलला आणि उत्तरादाखल तोफा सुरू केल्या. बंदराच्या अरुंद पाण्यात वळायला जागा नव्हती. उपलब्ध कथनांनुसार त्यांची तोफ मिनिटाला दोन गोळे टाकू शकत होती, तर भारतीय तोफ सोळा. मारा सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांतच पोर्तुगीज नौकेच्या नियंत्रण मनोऱ्यावर गोळा बसला. त्यानंतर दहा मिनिटांनी हवेत फुटलेल्या एका गोळ्याच्या तुकड्यांनी बिनतारी विभागातील नाविक ठार झाला आणि कप्तान आरागांव गंभीर जखमी झाले. दुय्यम अधिकारी पिंतु द क्रुझ यांनी सूत्रे हाती घेतली.

इंजिनांचे नुकसान झाल्याने नौका सावरणे शक्य नव्हते. ती वळवून बांबोळी-दोनापावलच्या बाजूच्या वाळूवर चढविण्यात आली. १९३६ मध्ये लिस्बनला ती जमिनीला लागली होती, तशीच ती या वेळीही लागली. गोंधळात एकाने पांढरे निशाण वर चढविले, परंतु ते डोलकाठीला गुंडाळले गेले आणि भारतीय नौकांना दिसले नाही. साधारण एक वाजून दहा मिनिटांपर्यंत उरलेल्या खलाशांनी नौकेला आग लावली आणि जखमी कप्तानाला घेऊन किनारा गाठला. 'सिरियस' तिच्याच खलाशांनी बुडविली आणि ते एका ग्रीक मालवाहू जहाजावरून निसटले.

त्याच दिवशी अंजदीव बेटावर 'म्हैसूर' आणि 'त्रिशूल'वरून उतरलेल्या तुकडीला मात्र जबर किंमत मोजावी लागली. तेथे भारतीय नौदलाचे सात जण मृत्युमुखी पडले. मुरगावची चकमक सोपी झाली म्हणून नौदलाची संपूर्ण मोहीम सोपी होती असे म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत उत्तरेकडून आलेले रणगाडे मांडवीच्या काठी बेती येथे पोहोचले. पेडणे आणि डिचोली मोकळे झाले होते. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजता व्हासालो ए सिल्व्हा यांनी शरणागती दिली.

साधनांतील मतभेद

या चकमकीची पोर्तुगीज आणि भारतीय कथने ताडून पाहिली असता काही बाबतींत मेळ बसत नाही. पोर्तुगीज बाजूने सुमारे ४०० गोळे डागल्याचे आणि भारतीय नौकांना ते लागल्याचे सांगितले जाते. भारतीय बाजू आपल्या नौकांचे नुकसान झाल्याचे मान्य करीत नाही. पोर्तुगीज नौकेवरील मृतांचा आकडाही सर्वत्र सारखा नाही. ४०० चा आकडा आणि मिनिटाला दोन गोळ्यांचा वेग एकत्र धरले तर चार तोफांना जवळपास पन्नास मिनिटे अखंड मारा करावा लागेल. मनोऱ्यावर गोळा बसलेल्या, इंजिने निकामी झालेल्या नौकेला हे कितपत शक्य होते, याचा विचार अभ्यासकाने केला पाहिजे. लहान तोफांचे गोळेही त्यात मोजले असावेत, अशी शक्यता आहे.

हरलेल्या पक्षाला आपला प्रतिकार मोठा दाखवावासा वाटतो आणि जिंकलेल्या पक्षाला आपली हानी शून्य दाखवावीशी वाटते. दोन्ही प्रवृत्ती मानवी आहेत. इतिहासाने मात्र दोन्ही दावे नोंदवून, ज्यावर दोघांचे एकमत आहे तेवढ्यावरच उभे राहावे. एकमत आहे ते असे. पोर्तुगीज नौका पळाली नाही, तिने उत्तर दिले, आणि तासाभरात ती निकामी झाली.

उत्तरायुष्य

लढाईनंतर 'बेतवा' आणि 'बियास'चे कप्तान पणजीच्या इस्पितळात जखमी आरागांव यांना भेटायला गेले. युद्धाच्या इतिहासात अशा भेटींना जागा थोडी मिळते, पण त्या नोंदवल्या गेल्या पाहिजेत. लिस्बनने मात्र आपल्याच माणसांना क्षमा केली नाही. व्यर्थ रक्तपात टाळणाऱ्या व्हासालो ए सिल्व्हा यांना १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा सन्मान परत मिळाला.

'आफोंसो द आल्बुकर्क' काही महिने किनाऱ्याला तशीच पडून होती. १९६२ मध्ये ती ओढत मुंबईला नेऊन भंगारात काढण्यात आली आणि तिचे काही अवशेष नौदलाने जतन केले. 'बेतवा' आणि 'बियास' यांनी पुढे सुमारे तीन दशके सेवा केली. १९७१ च्या युद्धात 'बियास' आणि 'ब्रह्मपुत्रा' बंगालच्या उपसागरात 'विक्रांत'बरोबर होत्या. १९९० च्या आसपास 'बेतवा' आणि 'बियास'ही भंगारात गेल्या. नावे मात्र पुढे चालू राहिली. ७ जुलै २००४ रोजी नवी 'बेतवा' आणि ११ जुलै २००५ रोजी नवी 'बियास' नौदलात दाखल झाली. या दोन्ही कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत, हुगळीच्या काठी बांधलेल्या आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुरगावची चकमक ही भारतीय शौर्य विरुद्ध पोर्तुगीज भ्याडपणा अशी नव्हती. ती १९३४ ची नौका आणि १९५९ ची नौका यांच्यातील होती. मधल्या पंचवीस वर्षांत महायुद्ध झाले, रडार आले, तोफांचा वेग वाढला. भारताने नव्या नौकांवर खर्च केला. पोर्तुगालने जुनी नौका जुन्याच दिमाखात उभी ठेवली.

२) जहाज कोणत्या गोदीत बांधले यावरून ते कोणाचे हे ठरत नाही. एकाच टाइन नदीकाठच्या नौका एका बाजूला वसाहत राखण्यासाठी आणि दुसऱ्या बाजूला ती संपविण्यासाठी वापरल्या गेल्या. शिवाय एकाच नौकेने नाविकांचा उठाव, बुडणाऱ्यांची सुटका आणि वसाहतवादाचा पहारा असे तिन्ही प्रसंग पाहिले.

३) पेडणे आणि डिचोलीच्या मुक्तीचा इतिहास केवळ रस्त्यांचा आणि नाक्यांचा नाही. डिचोलीच्या खनिजाची वाट मुरगावला जात होती आणि ते बंदर बंद पडल्याशिवाय परकीय सत्तेचा कणा मोडत नव्हता. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी समुद्राकडेही पाहायला हवे.

४) जखमी शत्रूची विचारपूस करणारे विजेते आणि आपल्याच सेनापतीला शिक्षा करणारी राजवट, या दोहोंपैकी कोणाची आठवण पुढच्या पिढीला द्यायची, हे शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ठरवायचे आहे. शाळा-महाविद्यालयांत १९ डिसेंबर साजरा होतो. त्या दिवशी पत्रादेवीच्या हुतात्म्यांबरोबर अंजदीवचे सात नौसैनिक आठवावेत. आणि १९३६ मध्ये लिस्बनच्या बंदरात सालाझारविरुद्ध उठलेले, नंतर ताराफालला नेलेले ते पोर्तुगीज खलाशीही आठवावेत. त्यांचा आणि गोमंतकीयांचा प्रतिपक्ष एकच होता.